सात मिशा आणि हुसेनची खुर्ची

हुसेन इलाही मणेर याला संपादक व्हायचं होतं. ही गोष्ट साताऱ्यातल्या त्या छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळेच तिच्यावर हसून घेत. हसणाऱ्यांचाही दोष नव्हता. माणूस कंपोझिटर. सकाळी खिळ्यांच्या केसपुढं, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या कप्प्यांपुढं, उभा राहिला की दिस मावळंपतोर उभाच. संपादक म्हणजे खुर्चीत बसणारा, पानाचा डबा हाताशी ठेवणारा आणि मधनंच "चहा सांगा रे" म्हणणारा माणूस. उभं राहून कुणी संपादक झाल्याचं साताऱ्यात कुणी ऐकलं नव्हतं.

मशीनवरचा केरबा तर रोज एक टोमणा मारल्याशिवाय भाकरीला हात लावत नसे. पायानं ट्रेडल हाणता हाणता वरडायचा, "संपादकसाहेब, अग्रलेख झाला का? का अजून 'अ'च हुडकायलाय?"

"अ घावला केरबा. 'क्कल' घावंना. घावली की आदी तुला देतो."

साप्ताहिकाचं नाव 'हाळी'. ह्या बांधावरचा गडी त्या बांधावरच्या गड्याला मारतो ती हाळी. नाव मालकांनी ठेवलेलं. मालक नानासो म्हणजे तालमीतलं अंग, उसाची शेती आणि पेपर काढायचा नाद. नाव झकास होतं, पण आतली भाषा बांधावर कधी पाय न ठेवलेली. 'हाळी' गावोगाव जायची ती एकेक प्रत. शिंप्याच्या मशीनपाशी नाहीतर तालमीच्या पायरीवर एकजण मोठ्यांदा वाचायचा आणि वीस-पंचवीसजण ऐकायचे. वाचणाऱ्याला धाप लागायची. वाक्य सुरू झालेलं कुणी बघितलेलं असायचं, पण ते संपताना कुणी जागं नसायचं.

हुसेनला हे ठाऊक होतं, कारण तो असल्याच गावांतनं वाढला होता. मूळ रहिमतपूरचा. बाप इलाही पटकीच्या साथीत गेला आणि आई नूरजहां हिनं बांगड्यांचं ओझं डोक्यावर घेतलं. आसपासच्या अठरा गावांत ती घरोघर बांगड्या भरायची. बायका तिला नूरबी म्हणायच्या, लहान होत्या त्या मणेरीण मावशी. घरात ती दखनी बोलायची आणि दारात तुमच्या-आमच्यासारखी. आईबरोबर फिरून हुसेनला अठरा गावांतल्या आळ्या, वस्त्या, कुणाचं कुत्रं चावतं आणि कुणाची सासू चावते, सगळं पाठ झालं. मराठी सातवीची फायनल तो पास झाला आणि सोळाव्या वर्षी साताऱ्यात येऊन केसपुढं उभा राहिला.

खिळे उलटे असतात. कंपोझिटर ते उलटेच वाचतो. हुसेन नऊ वर्षं जगाच्या बातम्या उलट्या वाचत होता आणि त्यातनं त्याला सुलटं काय असायला हवं होतं ते कळायला लागलं. चाळीस शब्दांचं वाक्य आलं की त्याच्या बोटांना गोळे यायचे. मग तो गुपचूप मध्ये एक पूर्णविराम ठोकायचा. जुन्या संपादकांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शिवी दिली. दुसऱ्यांदा बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "हुसेन, आजचं स्फुट तूच आटप. माझं डोकं दुखतंय." त्यानंतर त्यांचं डोकं वरचेवर दुखू लागलं. शेवटची दोन वर्षं तर 'हाळी'तला निम्मा मजकूर कागदावर उतरलाच नव्हता. हुसेननं तो डोक्यातनं थेट खिळ्यांत जुळवला होता.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यात जुने संपादक लेकीकडं राहायला गेले. खुर्ची रिकामी झाली. हुसेननं सदऱ्याची बटणं लावली आणि मालकांसमोर उभा राहिला.

"मालक, खुर्ची रिकामी हाय."

"मग? झाडायची हाय का?"

"बसायची हाय."

नानासो लय हसले. मग हुसेन हसत नाही असं बघून थांबले. "हुसेन, तू कामाचा गडी हायस. पर संपादक म्हंजे कलेक्टरापुढं जायाचं, सभंला जायाचं. लोक इचारतील, शिक्षण किती?"

"गावात कोन इचारंल मालक? त्यास्नी ऐकताना कळलं म्हंजे झालं."

"बगू," म्हणाले नानासो. मालक 'बगू' म्हणाले की ते काम झालं नाही असं समजायचं. पंधरा दिवसांत त्यांच्या बहिणीचा मुलगा कोल्हापुरातनं बी. ए. होऊन आला. नाव नाथाजीराव. स्वच्छ कपडे, बारीक चष्मा, स्वभावानं वाईट नाही. पण त्याला वाटायचं की कागदावर आलं ते खरं आणि सरकारी कागदावर आलं ते त्याहून खरं. तो खुर्चीत बसला. हुसेन केसकडं परतला. केरबानंही त्या दिवशी टोमणा मारला नाही, आणि हुसेनला तेच जास्त लागलं.

लढाई नुकतीच संपली होती. सातारा जिल्ह्यात घराआड एक गडी पलटणीत. सिंगापूर पडलं तेव्हा जे जपान्यांच्या हाती लागले, त्यांचं साडेतीन वर्षं पत्र नाही. ते आता सुटत होते. मुंबईहून ओळखीच्या एका माणसानं त्यांच्यापैकी काहींच्या यादीची नक्कल नाथाजीरावांना धाडली. तेवीस नावं. एकोणीस सुटलेले, चार छावणीत वारलेले. पलटणीचा नंबर, नाव, गाव. गावात सरकारी तार अजून पोचलेली नव्हती. नाथाजीरावांना आनंद झाला, कारण ही बातमी पुण्याच्या पेपरांच्याही आधी 'हाळी' देणार होती.

हुसेन जुळवायला बसला आणि अडकला. छापखान्यात अक्षरांचे खिळे भरपूर, पण आकड्यांचे थोडेच. साप्ताहिकाला आकडे लागतात किती? तारीख, बाजारभाव, खलास. तेवीस नंबर म्हणजे सातव्या नावापाशीच आकडे संपले.

"रावसाहेब, आकड्यांचं खिळं पुरंनात."

"मग नंबर गाळा. नाव आहे, गाव आहे. आणखी काय पाहिजे?"

हुसेनच्या मनात काहीतरी खुटखुटलं. आंबेवाडीचं नाव वाचताना तर जास्तच. वारलेल्यांत होतं, आकाराम जोतिबा साळुंखे, आंबेवाडी. आंबेवाडीत निम्मं गाव साळुंखे, आणि आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत, आणि ह्या नावाचे दोन गडी त्याला आठवत होते. पण केरबा मशीनला तेलपाणी करून उभा होता, खुर्चीत बी. ए. बसला होता, आणि आपल्याला कोण विचारतो असा एक रुसवाही हुसेनच्या पोटात होता. तो गप्प बसला. नंबर गाळले. अंक गेला.

बारा दिवसांनी सकाळी छापखान्याच्या दारात सात माणसं उभी राहिली.

सातही जणांची डोकी तुळतुळीत. सातही जणांच्या ओठांवर काही नाही. मिशीचा माणूस मिशीशिवाय दिसला की तो उघडा दिसतो. असे सात उघडे गडी आंबेवाडीहून चालत आले होते आणि घामानं त्यांची डोकी चकाकत होती. केरबाचा पाय आपोआप थांबला.

पुढचा म्हातारा आत आला. त्याचं नाव हरिबा साळुंखे. "संपादक कोन?"

नाथाजीराव उठले. "मी. बसा."

"बसाय न्हाई आलो. आमच्या मिशा द्या."

"काय?"

"मिशा. सात हैत. मोजून द्या."

हरिबानं कमरेला खोचलेलं कार्ड काढून टेबलावर आपटलं. मद्रासच्या लष्करी दवाखान्यातनं आलेलं. खाली सही, आकाराम जोतिबा साळुंखे. वर मजकूर : मी खुशाल आहे, बोटीवरनं उतरलो, तापानं पडलो होतो, आता बरा आहे, पंधरा दिवसांत येतो, तांबडा कोंबडा कुणी कापू नका.

"ह्यो माजा पुतन्या," हरिबा म्हणाला. "तुमी त्येला मारलासा. पेपर वाचला, आन वरल्या आळीला रडारड. भाऊकीतल्या सात जनांनी डोकी भादरली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवंना. आमी हात जोडलं, बाबा आकारामा, तुजी काय विच्छा राहिली आसंल ती पुरी करतो. बायकूला संबाळतो, म्हशीला संबाळतो. कावळा तिकडं त्वांड करून बसलेला! शिवंल कसा? गडी जित्ता! आन तिथंच पोस्टमन हुबा ऱ्हायला ह्ये कार्ड घिऊन." म्हाताऱ्यानं नाथाजीरावांच्या चष्म्यासमोर बोट नाचवलं. "कावळ्याला कळलं. तुमच्या बी. एल. का बी. ए.ला कळलं न्हाई!"

मागून एकजण ओरडला, "आन माजं तर पुडल्या आठवड्यात लगीन हाय! नवरदेव आसा बगितलाय का कुटं?"

केरबाला हसू आवरेना. तो मशीनमागं तोंड घालून बसला.

"वहिनींनी... म्हणजे त्यांच्या पत्नींनी..." नाथाजीराव चाचरले.

"चंद्राबाईनं बांगड्या फोडू दिल्या न्हाईत," हरिबा म्हणाला. "म्हनली, सरकारचा कागद डोळ्यांनी बगितल्याबिगर कुनी हात लावा, मग बगा. तवा ती मणेरीण हुती गावात, नूरबी. तीबी म्हनली, पेपरात नंबर हाय का बगा, ह्ये नाव दोगांचं हाय. आमी म्हनलो, मावशे, तू गप. छापलंय त्ये का खोटं आसंल व्हय?"

हुसेननं हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली ठेवली. जे आईला ओट्यावर बसून कळलं, ते तो केसपुढं उभा राहून ओळखूनही गप्प बसला होता.

नानासो आले. सातांना पाणी दिलं, चहा सांगितला. नाथाजीराव पांढरेफटक. म्हणाले, "मामा, पुढच्या अंकात चौथ्या पानावर दुरुस्ती देतो. दोन ओळींची."

"दोन वळी?" हरिबा म्हणाला. "सात मिशांला दोन वळी?"

तेव्हा हुसेन पुढं आला. "मालक, चूक रावसाहेबांची एकट्याची न्हाई. आकडं पुरंनात म्हून म्या सांगितलं. यादी माज्या हातानं जुळली. आन मला ठावं हुतं, आंबेवाडीत ह्या नावाचं दोन गडी हैत. म्या बोललो न्हाई."

नानासोंनी त्याच्याकडं असं बघितलं की वाटावं, आता ह्याला हाकलतात.

"मग आता काय करू म्हंतूस?"

"पयल्या पानावर छापा, आमी चुकलो. मोठ्या टायपात. आन दुसरी यादी आलीया एकतीस सुटलेल्या गड्यांची, ती तशी छापू नगा. परत्येक नावाचा नंबर घरात जाऊन ताडून बगू, मगच छापू. नंबर, वस्ती, घराचं नाव, समदं घालू."

"पहिल्या पानावर आपणच चुकलो म्हणून कुणी छापतं का?" नाथाजीराव म्हणाले. "उद्या आपल्यावर विश्वास कोण ठेवील?"

"आज कोन ठेवतोय?" हुसेन म्हणाला.

नानासोंनी सात डोक्यांकडं एकदा बघून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या मिशा चांगल्या पीळदार होत्या. त्यांनी त्या चाचपल्या. "हुसेन, ह्यो एक अंक तुजा. पाच दिस हैत. एक नाव जरी चुकलं, तर खुर्चीबी न्हाई आन केसबी न्हाई. रहिमतपूरला जाऊन बांगड्या भरायच्या."

"भरीन. त्यो धंदा वाईट न्हाई," हुसेन म्हणाला आणि निघाला.

तो आधी आईकडं गेला. म्हातारीनं सगळं ऐकलं, ओझं उचललं आणि म्हणाली, "चल. मर्दोंको पूछेगा तो नाम बताएंगे, और नाम तो सबके एकच हैं. औरतोंको पूछना."

आता यात एक अडचण होती. नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत. हुसेन एकटा गेला असता तर दारातनं दीर नाहीतर सासरा बोलला असता, आणि त्यांना नंबर माहीत नसता. पण बांगडीवाली ओट्यावर बसली की आतल्या सगळ्या बायका बाहेर येतात. नूरजहां एकीचा हात धरून बांगडी चढवता चढवता म्हणायची, "नाव नगं घिऊ बाई. फकस्त पाकीट दाव." पलटणीतनं आलेल्या प्रत्येक पाकिटावर नंबर असतो, आणि ते पाकीट बाईनं कुठंतरी जपलेलं असतंच. कुणाचं देव्हाऱ्यात शेंदराच्या डबीखाली, कुणाचं लुगड्याच्या घडीत. एकीनं हरवू नये म्हणून पाकीट भिंतीला लावून वरनं शेणानं सारवलं होतं. हुसेननं नखानं शेण खरवडून नंबर वाचला आणि म्हणाला, "सरकारी तिजोरीत बी आसं जपत न्हाईत वयनी."

यादीतल्या नंबराशी नंबर जुळला की तो खूण करायचा. मग बाईकडं बघून नुसतं म्हणायचा, "सुटले." काही बायका हसल्या, काही मटकन खाली बसल्या. एकीनं म्हशीच्या गळ्यात पडून आरोळी ठोकली. एक म्हणाली, "आता ह्या घरात कोन कुटं झोपायचं ते ठरवाय पायजे," आणि सासूनं तिला चापट मारली.

सगळ्यात शेवटी आंबेवाडी. वरल्या आळीचा आकाराम जित्ता होता, म्हणजे मेलेला दुसरा. दुसरं घर ओढ्यापल्याड. तिथं एकटी साळूबाई. तिचा लेक आकाराम लग्नाआधीच पलटणीत गेलेला. बायको नाही, भाऊ नाही, भाऊकी लांबची. म्हणूनच पेपर वाचला तेव्हा ओढा ओलांडून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

साळूबाई भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. नूरजहांनं आज ओझं सोडलं नाही. हुसेननं पाकीट मागितलं. साळूबाईनं मडक्यातनं काढून दिलं. त्यानं नंबर वाचला, नाथाजीरावांच्या नकलेशी ताडला, परत ताडला. मग बसला.

"मावशे, त्यो पेपरातला आकाराम तुजा हाय."

साळूबाईनं हातातली शेंग फोडली. दाणे टोपलीत टाकले.

"मी वरल्या आळीला त्यांच्याकडं भाकरी नेत हुते की रं," ती म्हणाली. "चूल बंद हुती त्यांची. चार दिस पिठलं-भाकरी नेली. चंद्रीपशी बसून रडली. म्हनलं, कसं सोसंल ह्या पोरीला." तिनं आणखी एक शेंग उचलली. "माज्यासाठीच रडत हुते म्हन की."

नूरजहां तिच्याजवळ सरकली. हुसेन टोपलीपाशी बसून शेंगा फोडू लागला.

"छापनार हायस व्हय?" साळूबाईनं विचारलं.

"तू नगं म्हन्लीस तर न्हाई छापत."

"छाप. पर नीट छाप. ओढ्यापल्याडचा म्हून छाप, साळूचा म्हून छाप. न्हाईतर परत कुनीतरी दुसराच डोकं भादरून बसंल." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आन हरिबाला सांग, त्येंची डोकी वाया न्हाई गेली. भाऊकीतलाच हुता माजाबी."

हुसेन वरल्या आळीला गेला आणि हरिबाला सांगितलं. म्हातारा बोडक्या डोक्यावरनं हात फिरवत राहिला. मग सातही जण उठले आणि ओढा ओलांडून साळूबाईच्या दारात जाऊन बसले. पुढं चंद्राबाई भाकरीची पाटी घेऊन.

चौथ्या दिवशी हुसेन साताऱ्यात परतला तेव्हा त्याच्या पायांना फोड आलेले होते आणि वहीत एकतीसपैकी तीस नावं पक्की होती. एकतिसाव्याचं घर कुठलं ते ठरलं नव्हतं. त्याच्या गावाच्या नावाची गावं दोन तालुक्यांत होती, दोन्हीकडं त्याच नावाचा शिपाई, आणि दोन्ही घरांना कुलूप.

"एक नाव राहिलं म्हणून काय बिघडतं?" नाथाजीराव म्हणाले. आता त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, काळजी होती. "सुटलेल्यांतलं आहे. वाईट बातमी तर नाही."

"ज्येचं न्हाई त्यो पेढं वाटंल, रावसाहेब. मग त्येच्याकडनं पेढं कोन परत घेनार? तुमी का मी?"

त्यानं तिथं छापलं : 'एका नावाची खात्री झाली नाही. झाली की छापू.'

राहिला आकड्यांचा घोळ. साताऱ्यात आणखी एक छापखाना होता, त्याचं सगळं पोट कॅलेंडरांवर. तिथं आकडे रग्गड. हुसेन स्वतः गेला आणि नूरजहांच्या बांगड्यांच्या पेटीतनं आकडे भरून आणले. नाथाजीराव बाह्या सरसावून प्रूफ वाचायला बसले. हुसेन नंबर मोठ्यांदा वाचायचा, ते नकलेवर बोट ठेवायचे. तीनदा वाचून झालं.

पहिल्या पानावर मधोमध हुसेननं आपल्या शब्दांत जुळवलं : 'हाळीनं जित्या माणसाला मेला म्हणून छापलं. आंबेवाडी, वरली आळी, आकाराम जोतिबा साळुंखे जिता आहे आणि घरी येतो आहे. आंबेवाडी, ओढ्यापल्याड, साळूबाईचा आकाराम जोतिबा साळुंखे छावणीत वारला. नाव एक होतं, माणसं दोन होती. आम्ही नंबर गाळला, चूक आमची. यापुढं घरी जाऊन विचारल्याशिवाय हाळी कुणाचं नाव छापणार नाही.'

सगळी मिळून सहा वाक्यं. केरबानं ती मशीनवर वाचली आणि पहिल्यांदाच त्याला वाचताना धाप लागली नाही. "ह्ये कळतंया की रं," म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

बाजाराच्या दिवशी रहिमतपुरात शिंप्याच्या दुकानापुढं दोनशे माणूस जमलं. शिंपी मशीन थांबवून वाचायला लागला. पहिलं पान वाचलं तेव्हा कुणी हललं नाही. चूक झाली असं छापणारा कागद त्यांनी जन्मात बघितला नव्हता. मग यादी. नंबर, नाव, वस्ती, घर. एकेक नाव आलं की गर्दीतल्या त्या गावच्या माणसांची आरोळी उठायची. एका गड्यानं बाजारातल्या मिरच्यांचं पोतं तिथंच टाकलं आणि गावाकडं पळाला. शिंप्याला यादी परत वाचायला लावली, मग तिसऱ्यांदा. दुपारपर्यंत 'हाळी'ची एकही प्रत उरली नाही. कोरेगावकडनं माणसं सायकलवर छापखान्यात आली, आणखी द्या म्हणाली.

कागद रेशनवर. शिल्लक काही नाही. हुसेननं फळीवरचं लग्नपत्रिकांचं गुलाबी कागदाचं बंडल ओढलं. केरबा बघत राहिला. "गुलाबी?"

"माणसं घरला येत्यात, केरबा. गुलाबीच पायजे. हान ट्रेडल."

त्या दिवशी केरबाचा पाय सुजला. नानासो स्वतः कागद सरकवत होते. सगळं संपल्यावर त्यांनी धोतराला हात पुसले आणि आतल्या खोलीत गेले. नाथाजीराव खुर्चीजवळ उभे होते, बसलेले नव्हते.

"मामा," ते म्हणाले, "मी तुमच्या घरचा आहे, म्हणून मीच बोलतो. ही खुर्ची माझी नाही. मला ते काम शिकायचंय. त्याच्या हाताखाली."

नानासोंनी भाच्याकडं जरा आदरानंच बघितलं. मग बाहेर हाळी दिली, "हुसेन! खुर्ची रिकामी हाय."

"झाडायची हाय का मालक?"

"बस की गा मुकाट्यानं!"

पुढच्या अंकावर, अगदी शेवटच्या ओळीत, कायद्यानं लागतं तिथं छापून आलं, संपादक : हुसेन इलाही मणेर. नूरजहांला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट फिरवलं आणि केरबाला विचारलं, "बारीक छापलंय की रे? आकाराम तर मोठा छापला होता."

सगळं गोड झालं असं नाही. सत्तेचाळीस साली काही शहाणे नानासोंकडं आले, दिवस फाळणीचे आहेत, हुसेनला जरा मागं ठेवा म्हणाले. नानासो म्हणाले, "तुमच्या गावचा कुनी पलटणीत हाय का?" हाय म्हणाले. "मग त्येची खबर तुमास्नी कोन सांगतं?" ते उठून गेले. दोन हितचिंतकांनी 'हाळी' घ्यायची बंद केली आणि तीन महिन्यांनी शेजाऱ्याची मागून वाचू लागले.

अठ्ठेचाळीसला सांगलीचं संस्थान विलीन झालं. नानासोंनी सांगलीत दुसरा छापखाना घेतला, तिथनं वेगळी 'हाळी' निघू लागली, आणि वर्षभरात शेतकऱ्यांसाठी एक मासिक. तीन नियतकालिकं, दोन गावं, पाच उपसंपादक, त्यातले तिघे पदवीवाले. ह्या सगळ्यांवर कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा नानासोंनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. दाराला पाटी लावून घेतली. संपादन-प्रमुख. सांगलीच्या पोरांना वाटलं, मुंबईचा कोणी बडा माणूस येणार. आला तो हुसेन, पायताणावर धूळ घेऊन, आणि पहिलं काय केलं तर कॅलेंडरवाल्याकडनं आकड्यांचे खिळे विकतच घेतले. दुसरं, टेबलाखालचा पाय ठेवायचा पाट काढला आणि म्हणाला, "बातमी ल्ह्यायची, मोठ्यांदा वाचायची, आन ज्येची हाय त्येच्या दारात जाऊन यायचं. मगच माज्याकडं."

"सगळ्यांच्याच?" एकानं विचारलं.

"ज्येला घर हाय त्या समद्यांच्या."

पोरं कुरकुरली, पण गेली.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात एका दुपारी हुसेन सांगलीच्या कचेरीत मासिकाची पानं बघत बसला होता. कुपवाडच्या बाजूला विहिरीत दरड कोसळल्याची बातमी आली होती. दरडीखाली मेले म्हणून दोन नावं कळली होती. छपाई तासाभरावर. दारात नाथाजीराव आले. चष्म्यावर धूळ, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, एका पायात काटा मोडलेला. सांगलीच्या 'हाळी'चे ते आता संपादक होते.

"दोन्ही घरी जाऊन आलो," ते म्हणाले. "एक जिता आहे. दवाखान्यात आहे, मी बघितला, बोललो. दुसऱ्याचं घर कुपवाडात नाही, पलीकडच्या वस्तीवर आहे. तिथंही गेलो. आई आहे. सांगितलं तिला."

"कुनी सांगितलं?"

"मीच."

हुसेननं पानं बाजूला सारली आणि उठून नाथाजीरावांना आपल्या खुर्चीत बसवलं. "पाय दावा आदी, काटा काढू." काडी पेटवून सुई शेकली. नाथाजीराव दात आवळून बसले. काटा निघाला तसे म्हणाले, "छापायचं ना मग, साहेब?"

"छापा की. तुमी सांगितलंया म्हंजे खरं हाय," हुसेन म्हणाला. आणि स्वतः उभ्यानंच कागद ओढून बातमीखाली सही ठोकली.